चाळीतून टॉवरमध्ये राहायला जाताना: मन रुळण्यासाठी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

पुनर्विकासात मिळालेल्या किंवा आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या सदनिकेत राहायला गेल्यावर पंधरा दिवसांतच घरातील एखादी व्यक्ती गप्प होते, दुसरीची झोप उडते, मूल हट्टी होते, आणि बाकीचे म्हणतात, ‘इतके चांगले घर मिळाले, आता कसले दुःख?’ या एका वाक्याने अनेकांचे बोलणे कायमचे बंद होते. घर बदलताना सामानाचे नियोजन बारकाईने होते, पण माणसांचे होत नाही. आणि झालेच तर उलट्या क्रमाने होते. आधी फर्निचर, मग वास्तुशांत, मग पाहुणे, आणि सगळे आटोपल्यावर आजींना विचारले जाते की ‘आता बरे वाटते ना?’ या लेखातील क्रम वेगळा आहे: आधी प्रत्येक माणसाची जागा, मग दिनक्रम, मग ओळखीपाळखी, आणि सजावट सर्वांत शेवटी.

हा लेख मुख्यतः एक-दोन खोल्यांच्या चाळीतून किंवा जुन्या इमारतीतून टॉवरमध्ये जाणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. जागा तिपटीने वाढते, पण दारातून दिसणारी माणसे जवळजवळ नाहीशी होतात. सुखसोय आणि तुटलेपण एकाच दिवशी घरात येतात, म्हणूनच हा ताण ओळखणे अवघड जाते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घडामोडींना ताणाचे गुण दिले होते. त्यांच्या यादीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, तर घर बदलण्याला फक्त २०. पण त्याच यादीत मोठ्या गृहकर्जाला ३१, राहणीमानातील बदलाला २५, शाळा बदलण्याला २०, विरंगुळ्यातील बदलाला १९, सामाजिक वावरातील बदलाला १८, झोपेच्या सवयीतील बदलाला १६, आणि कौटुंबिक भेटीगाठी व खाण्याच्या सवयी यांतील बदलांना प्रत्येकी १५ गुण आहेत. हे सारे एकदम घडले तर बेरीज १७९ होते, आणि १५० च्या पुढे आजारपणाचा धोका मध्यम मानला जातो. मोजपट्टी ढोबळ आहे, परंतु तिच्यातून कामाची दिशा नेमकी कळते. घर बदलणे टाळता येणार नाही. त्याच्या सोबतीने येणारे बदल मात्र पुढे ढकलता येतात.

टप्पा १: प्रत्येकाचे काय सुटणार आहे, ते लिहून काढा (दोन-तीन महिने आधी)

एक वही घ्या आणि घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान ठेवा. त्या पानावर त्या व्यक्तीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहा: कोठे बसते, कोणाशी बोलते, कोठून भाजी आणते, दुपारी कोणाच्या दारात थांबते, संध्याकाळी कोठे जाते. मग त्यातील ज्या गोष्टी नव्या घरी राहणार नाहीत, त्यांच्याखाली रेघ मारा. सत्तरीतील आजोबांच्या पानावर बहुधा सर्वाधिक रेघा येतात, कारण त्यांचा सारा दिवस गॅलरी, नाक्यावरचा कट्टा आणि वाचनालय एवढ्यातच जातो. कमावत्या मुलाच्या पानावर एखादीच रेघ येते. घर बदलण्याचे सगळे निर्णय घेणारा बहुधा हा मुलगाच असतो, आणि इतरांचे दुःख त्याला अतिशयोक्त वाटते ते याच कारणाने.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे पान विशेष लक्ष देऊन लिहा, आणि ते तिलाच लिहू द्या. चाळीत ‘जरा बघ हं’ म्हणून मूल शेजारी ठेवता येते, वाटीभर साखर मागता येते, भिशी आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने आठवड्यातून चार वेळा बाहेर पडणे होते. टॉवरमध्ये हे सारे एका दिवसात थांबते, आणि वर घरातील इतरांची नाराजी झेलण्याचे कामही तिच्यावरच येते.

तपासा: प्रत्येक पानावर निदान एक रेघ आली आहे का? एखादे पान कोरे राहिले असेल, तर त्या व्यक्तीशी पुरेसे बोलणे झालेले नाही. किशोरवयीन मुले आणि घरातील पुरुष यांची पाने कोरी राहण्याचा संभव अधिक असतो.

टप्पा २: तारीख ठरवा, पण सगळे बदल एका तारखेला आणू नका

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांचे नवीन शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. शाळा बदलायची असेल तर मे महिन्यातील स्थलांतर मुलांना सोयीचे पडते. शाळा तीच राहणार असेल तर दिवाळीची सुट्टीही चालते. जुलै-ऑगस्टच्या पावसात शक्य असल्यास हलू नये. भिजलेल्या खोक्यांपेक्षाही मोठी अडचण अशी, की नव्या परिसरात पायी फिरून ओळख करून घेण्याचे पहिले दोन महिने घरातच जातात.

ज्येष्ठांना मुहूर्त पाहायचा असेल, पितृपक्षात हलायचे नसेल, तर त्यांचे म्हणणे मान्य करा. या साऱ्या व्यवहारात त्यांच्या हाती असलेला हा कदाचित एकमेव निर्णय असतो, आणि निर्णय आपल्या हाती असल्याची जाणीव ताण कमी करते.

याच काळात नोकरी बदलणे, आजोबांच्या मोतीबिंदूची लांबवता येण्याजोगी शस्त्रक्रिया करून घेणे, वर्षानुवर्षांची कामवाली बाई बदलणे, मुलाची शिकवणी बदलणे, असे जे काही तीन महिने पुढे ढकलता येईल ते ढकला. शस्त्रक्रियेबाबत अर्थातच डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

इशारा: पुनर्विकासात बहुतेक कुटुंबांना दोनदा हलावे लागते, आधी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात आणि मग नव्या इमारतीत. मधल्या घराला ‘तात्पुरते’ समजून खोकी न उघडण्याची चूक सर्रास होते. बांधकाम लांबते आणि तात्पुरते म्हटलेले घर काही वर्षे चालते, तोवर घरातील माणसे बांधलेल्या सामानात, कोणाशी ओळख न करता राहतात. भाड्याचे घर अकरा महिन्यांच्या कराराचे असले तरी त्यात देव मांडा, पडदे लावा, शेजाऱ्यांच्या घरी जा. या लेखातील पुढचे सारे टप्पे त्या घरालाही लागू होतात.

टप्पा ३: वस्तूंची निवड (सहा ते आठ आठवडे आधी)

सर्वाधिक भांडणे या टप्प्यावर होतात, आणि पुढे वर्षभर सलणाऱ्या गोष्टीही येथेच घडतात. नियम एकच आहे: ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. आईच्या ट्रंकेतील कापडाचे तुकडे सुनेने निवडू नयेत, आजोबांची जुनी वर्तमानपत्रे नातवाने रद्दीत देऊ नयेत, आणि मुलांची तुटकी खेळणी ती शाळेत गेलेली असताना टाकू नयेत. चोरून टाकलेली वस्तू किमतीने दोन रुपयांची असली तरी त्या व्यक्तीचा विश्वास उडतो, आणि मग ती शंभर निरुपयोगी वस्तूंनाही घट्ट धरून बसते.

कामाचा क्रम असा ठेवा.

१. आधी काहीही न हलवता घराची छायाचित्रे काढा. भिंतींची आणि माणसांची छायाचित्रे सगळेच काढतात. येथे अभिप्रेत आहेत ती मांडणीची. मांडणीवर डबे कोणत्या क्रमाने आहेत, देव्हाऱ्यात कोणता देव कोठे आहे, आजोबांच्या खाटेजवळ हाताशी काय काय असते, औषधे कोठे ठेवलेली असतात. ही छायाचित्रे पुढे सहाव्या टप्प्यावर उपयोगी पडतात.

२. मग ज्यांत भावना गुंतलेल्या नाहीत अशा वस्तूंपासून निवड सुरू करा: प्लास्टिकचे डबे, जुन्या वायरी, फुटक्या बादल्या. निवड करण्याचीही सवय व्हावी लागते. पहिल्याच दिवशी दिवंगत माणसाच्या कपड्यांचे कपाट उघडले, तर पुढचे काम आठवडाभर ठप्प होते.

३. वस्तूंचे चार गट करा: सोबत न्यायच्या, नातेवाईकांना द्यायच्या, विकायच्या वा दान करायच्या, आणि ‘नंतर ठरवू’ अशा. चौथा गट आवश्यक आहे. तो दोन खोक्यांपुरता ठेवा, खोक्यांवर तारीख घाला आणि सहा महिने ती उघडू नका. निर्णयाची घाई नसली की माणसे स्वतःहूनच पुष्कळ काही सोडून देतात.

४. मोठ्या वस्तू मापून घ्या. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, दिवाण, पाटा-वरवंटा यांच्यासाठी नव्या घरात जागा आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. वस्तू खरोखर मावत नसेल तर मालकाला नव्या खोलीत नेऊन टेपने माप दाखवा. ‘ठेवायला जागा नाही’ हे स्वतः पाहिलेले सत्य माणूस स्वीकारतो. तेच ऐकवले तर तो अपमान वाटतो.

५. प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीची निदान एक मोठी जुनी वस्तू सोबत येईल असे पाहा, मग ती नव्या फर्निचरशी जुळो वा न जुळो. माझे मत याबाबत ठाम आहे. बैठकीच्या खोलीची रंगसंगती बिघडली तरी चालेल. ज्या खाटेवर माणूस तीस वर्षे झोपला ती खाट, तिची अवस्था झोपण्याजोगी असेल तर, नव्या घरात आलीच पाहिजे.

इशारा: ‘सगळे नवीनच घेऊ’ हा विचार उत्साहाच्या भरात येतो. एकाच वेळी खाट, गादी, भांडी आणि देव्हारा बदलला, तर नव्या घरात हाताला ओळखीचे असे काहीही लागत नाही. नवीन खरेदी पहिल्या तीन महिन्यांसाठी अत्यावश्यक वस्तूंपुरती ठेवा. हप्त्यांचा भार त्याने कमी राहतो, हा फायदा वेगळाच.

टप्पा ४: नव्या घराशी आधीच ओळख करून द्या (तीन-चार आठवडे आधी)

घराचा ताबा मिळाल्यावर ज्येष्ठांना आणि मुलांना तेथे निदान तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वेळी न्या: एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. एकदाच नेऊन ‘कसे आहे घर?’ असे विचारले, तर समोरच्याला ‘छान आहे’ याशिवाय दुसरे उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा काम द्या. खिडकीतून ऊन कोठे येते ते पाहा, तुमची खुर्ची कोठे ठेवू ते सांगा, तुळस कोठे ठेवायची ते ठरवा.

लिफ्टचा सराव स्वतंत्रपणे करा. चाळीत दोन जिने चढून गेलेल्या माणसाला बंद लोखंडी पेटीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि ही भीती बोलून दाखवण्याची लाज वाटते म्हणून अनेक ज्येष्ठ ‘गुडघे दुखतात’ असे सांगून घरातच बसतात. आधी सोबत जा, मग ते लिफ्टमध्ये आणि तुम्ही खालच्या मजल्यावर असे करा, मग त्यांना एकट्याने वर-खाली करू द्या. धोक्याच्या घंटेचे बटण दाखवा आणि एकदा पहारेकऱ्याला सांगून ते वाजवून घ्या. वीज गेल्यास लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन थांबण्याची सोय आहे का, हे सोसायटीकडून विचारून घ्या आणि त्याचे उत्तर ज्येष्ठांना सांगा. लिफ्ट अडकली तर दार ओढून उघडण्याचा प्रयत्न न करता घंटा वाजवून थांबायचे, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

टॉवरचे सगळे मजले एकसारखे दिसतात. चुकीच्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावणे हा प्रसंग ज्येष्ठांना फार लागतो, आणि त्यानंतर काहीजण एकटे बाहेर पडायचे सोडतात. यावर उपाय सोपा आहे: जुन्या खोलीच्या दारावरची नावाची पाटी तीच लावा, किंवा दाराला दुरून ओळखू येईल असे ठळक तोरण बांधा. मजल्याचा आणि सदनिकेचा क्रमांक, तसेच दोन मोबाइल क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद त्यांच्या पाकिटात ठेवा.

मुलांसाठी शाळेच्या रस्त्याची रंगीत तालीम करा. ज्या बसने किंवा रिक्षाने जायचे, त्याच वाहनाने आणि त्याच वेळी एकदा जाऊन या.

तपासा: ज्येष्ठ व्यक्ती एकट्याने खाली उतरून पुन्हा घरी येऊ शकते का? खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसली आहे का? स्नानगृहात धरायला दांडा आहे का? या तिन्हींची उत्तरे ‘हो’ आल्याशिवाय हलण्याची तारीख पक्की करू नका.

टप्पा ५: निरोप घ्या (शेवटचा आठवडा)

हा टप्पा ‘वेळ नाही’ म्हणून गाळला जातो. निरोप न घेता निघालेले मन मागेच घुटमळते, विशेषतः जुनी इमारत पाडली जाणार असेल तेव्हा, कारण पुन्हा जाऊन पाहण्याचीही सोय उरत नाही.

निरोप बांधाबांध पूर्ण होण्याआधी घ्यावा. रिकाम्या, भिंतींवर खिळ्यांची भोके दिसणाऱ्या खोलीत घेतलेला निरोप जड जातो. घर भरलेले असताना एका संध्याकाळी शेजाऱ्यांना चहा-पोह्यांना बोलवा. ज्यांच्याशी अबोला आहे त्यांनाही बोलवावे असे मला मनापासून वाटते; पण ते त्या दोन घरांनीच ठरवावे. आजींना त्यांच्या खोलीच्या गोष्टी सांगायला लावा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा. मुलांना आवडत्या जागांची चित्रे काढू द्या. सर्व शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि नवे पत्ते एका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या. मोबाइलमधील यादी ज्येष्ठांना अनेकदा वापरता येत नाही.

कोणाला रडू आले तर विषय बदलू नका. ‘शुभ काम आहे, डोळ्यांत पाणी आणू नये’ असे म्हणून थांबवलेले रडणे नव्या घरात भलत्या वेळी, बहुधा रागाच्या रूपाने बाहेर येते.

इशारा: निरोपाचा कार्यक्रम आणि हलण्याचा दिवस यांत निदान दोन दिवसांचे अंतर ठेवा.

टप्पा ६: हलण्याचा दिवस आणि पहिली रात्र

येथे सर्वांत मोठी चूक सद्हेतूनेच होते. ज्येष्ठांना दगदग नको म्हणून आठ दिवस मुलीकडे पाठवले जाते आणि घर पूर्ण लावून झाल्यावर त्यांना थेट ‘सरप्राइज’ म्हणून आणले जाते. त्यांच्या दृष्टीने एका घरातून निघाले आणि भलत्याच घरात पोहोचले असे होते. मधला धागा त्यांच्या हाती नसतो. प्रकृती फारच नाजूक नसेल तर त्यांनी त्या दिवशी सोबत असावे, मात्र धुळीत आणि धावपळीत नाही. शेजारच्या घरी खुर्ची टाकून बसवा, आणि त्यांच्याकडे एखादे खरे काम द्या: खोक्यांच्या क्रमांकांची यादी तपासणे, किंवा देव हातात घेऊन येणे. देव टेम्पोत घालण्याऐवजी स्वतःच्या हातांनी नेण्याची आपल्याकडील पद्धत या दृष्टीनेही चांगली आहे.

नव्या घरात सामान लावण्याचा क्रम:

१. औषधे, चष्मे, कवळी, काठी, श्रवणयंत्र आणि रोजची कागदपत्रे यांची पिशवी टेम्पोत न देता जवळ ठेवा. त्या दिवशीच्या गोळ्या चुकणे हे चिडचिडीचे आणि चक्कर येण्याचे साधे कारण असते.

२. पहिली खोली ज्येष्ठांची लावा. जुन्या छायाचित्राप्रमाणे खाटेच्या त्याच बाजूला तांब्या-भांडे, तीच चादर, तोच दिवा. खाटेवरून उठल्यावर शौचालय कोणत्या हाताला येते, ते दिवसाउजेडी दोन-तीनदा चालून दाखवा आणि वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवा.

३. मग स्वयंपाकघर, पण फक्त चहा आणि एका जेवणापुरते. डब्यांचा क्रम जुनाच ठेवा. हात सवयीने जेथे जातो तेथे साखर सापडली, की स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा निम्मा शीण उतरतो.

४. मग देव्हारा, आणि त्यानंतर मुलांची झोपण्याची जागा. लहान मुलांच्या जुन्या चादरी लगेच धुऊ नका; ओळखीच्या वासाने त्यांना झोप लागायला मदत होते.

५. बैठकीची खोली, पडद्यांचे रंग आणि दूरदर्शन संच पुढच्या आठवड्यावर सोडा.

पहिल्या रात्री वरण-भात किंवा खिचडीसारखे रोजचे जेवण असावे. झोप नीट लागणार नाही, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवा. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग तुलनेने सावध राहतो, असे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले आहे. शिवाय चाळीतील आवाजांची सवय झालेल्या कानांना विसाव्या मजल्यावरची शांतता आणि खिडकीच्या फटीतून येणारा वाऱ्याचा आवाज दोन्ही खटकतात. म्हणून पहिल्या काही रात्रींची अपुरी झोप म्हणजे ‘हे घर लाभत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

इशारा: वास्तुशांत, पाहुण्यांचे जेवण आणि सामान हलवणे एकाच दिवशी ठेवू नका. मुहूर्तावर कलश ठेवून आणि दूध उतू घालवून गृहप्रवेश करा, आणि मोठा समारंभ घर लागल्यावर, तीन-चार आठवड्यांनी ठेवा.

टप्पा ७: पहिले पंधरा दिवस दिनक्रमाला द्या

उठण्याची, चहाची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ जुन्या घरासारखीच ठेवा. घर लावण्याचे काम रोज ठरावीक दोन तास करा आणि नंतर खोके अर्धवट असले तरी थांबा. रात्री बारापर्यंत खोकी उघडत बसणाऱ्या घरात तिसऱ्या दिवशी भांडण होतेच.

रोज संध्याकाळी एक माणूस आणि एक ज्येष्ठ किंवा मूल यांनी मिळून खाली उतरावे. दिशा बदलत जा: एक दिवस किराणा दुकान, एक दिवस भाजीवाला, एक दिवस औषधांचे दुकान, एक दिवस देऊळ, एक दिवस बाग. ही ठिकाणे पायाखालची झाली की परिसर आपला वाटू लागतो. पहिल्या पंधरा दिवसांत किराणा आणि भाजी मोबाइलवरून घरपोच मागवणे शक्य तितके टाळा; त्यात सोय आहे, पण ओळख होत नाही.

लहान मूल या काळात पुन्हा अंथरूण ओले करू लागले किंवा सतत बिलगून राहिले, तर रागावू नका. काही आठवड्यांत ते बहुधा आपोआप थांबते. किशोरवयीन मुलांना जुन्या मित्रांकडे जायला आठवड्यातून एक ठरलेला दिवस द्या, आणि ‘आता इकडचे मित्र कर’ असा तगादा लावू नका.

कमावत्या व्यक्तीने हप्ता, देखभाल शुल्क आणि वाढलेले वीजबिल यांचा हिशेब एकदा घरातील सर्व प्रौढांसमोर मांडावा. न बोलता वाहिलेली पैशांची काळजी जेवणाच्या ताटावर चिडचिड होऊन उतरते, आणि ज्येष्ठांना ती ‘आपला भार झाला’ अशी ऐकू येते.

तपासा: पंधराव्या दिवशी पहिल्या टप्प्यातील वही उघडा. रेघ मारलेल्या किती गोष्टींना पर्याय मिळाला, ते प्रत्येकाच्या पानावर लिहा. घर किती लागले, हा प्रश्न येथे दुय्यम आहे.

टप्पा ८: पहिले तीन महिने माणसे जोडण्यात घालवा

चाळीत ओळख आपोआप होते, कारण दारे उघडी असतात. टॉवरमध्ये ती मुद्दाम करावी लागते, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून दोन्ही घरे एकमेकांच्या हाकेची वाट पाहत बसतात. तुम्ही पुढाकार घ्या. आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक घरी थोडा खाऊ घेऊन जा, ज्येष्ठांना आणि मुलांना सोबत न्या, आणि भेट दहा मिनिटांत आटोपती घ्या. वेळ सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराची चांगली. रात्री आठनंतर दार वाजवलेले अनेकांना रुचत नाही.

पुनर्विकासात जुने शेजारी त्याच इमारतीत, पण वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरले जातात. त्यांच्यासाठी रोजची एक ठरलेली वेळ आणि जागा नेमा, उदाहरणार्थ सायंकाळी पाच वाजता खालचा बाक. ‘कधीही ये’ या आमंत्रणावर कोणी येत नाही. गणेशोत्सव, हरिपाठ, महिला मंडळ, भिशी यांपैकी जे जुन्या जागी होते ते नव्या जागी पहिल्याच वर्षी सुरू व्हावे, कारण एक वर्ष खंड पडला की पुन्हा जुळवणे फार कठीण होते. सोसायटीच्या सभागृहाचे नियम आणि शुल्क याची चौकशी आधीच करून ठेवा.

वस्ती पूर्णपणे सुटली असेल, तर जुन्या भागाला भेट देण्याचे दिवस ठरवून घ्या: पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग सणावाराला. रोज जाऊ लागल्यास नवे घर झोपण्यापुरते उरते. मुळीच न गेल्यास तुटल्याची भावना वाढते.

इशारा: या काळात घरातील प्रत्येक आजारपणाचा, नापास होण्याचा आणि भांडणाचा संबंध घराच्या दिशांशी जोडणारे सल्लागार भेटतील. आपल्या श्रद्धेप्रमाणे पूजा-शांत अवश्य करा. भिंत पाडणे, स्वयंपाकघर हलवणे किंवा घर विकणे असे निर्णय मात्र पहिले सहा महिने घेऊ नका. नवखेपणाचा त्रास तोवर बराच ओसरलेला असतो, आणि पाडलेली भिंत व गेलेले पैसे परत येत नाहीत.

टप्पा ९: मदत केव्हा घ्यावी

उदास वाटणे, जुने घर स्वप्नात येणे, मधूनच रडू येणे हे काही आठवडे चालते आणि त्यात चांगले-वाईट दिवस येत-जात राहतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी असेल, जेवण तुटले असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडाले असेल किंवा व्यक्ती खोलीबाहेर येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. बदलाशी जुळवून घेता न येण्याचा विकार वैद्यकशास्त्राला परिचित आहे. त्याची लक्षणे बदलानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होतात आणि समुपदेशनाने त्यात चांगला फरक पडतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक भेद काटेकोरपणे पाळावा. नव्या घरात खोली चुकणे, रात्री दार न सापडणे हे सुरुवातीस होते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींचा गोंधळ संध्याकाळी अधिक वाढतो. त्यांच्यासाठी दिवे लवकर लावा आणि घरात माणूस ठेवा. पण काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलणे सुरू झाले, माणसे ओळखू येईनाशी झाली, किंवा व्यक्ती कमालीची सुस्त झाली, तर त्याला घर बदलल्याचा परिणाम समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, औषधांची गडबड, पडून डोक्याला लागलेला मार अशी कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

‘आता जगून काय करायचे’ असे वाक्य कोणी बोलले, तर ते वयाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे विचारा की जीव देण्याचा विचार मनात येतो का. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि उंच इमारतीत खिडक्या व बाल्कनीकडे लक्ष ठेवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. दोन्ही क्रमांक घरात येता-जाता दिसतील अशा जागी मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना पहिल्या टप्प्यातील वही सोबत न्या: घर बदलल्याची तारीख, त्यापूर्वीचा दिनक्रम, आता काय थांबले आहे, झोप किती तास लागते आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढी माहिती पहिल्याच भेटीत हाताशी असली, तर डॉक्टरांचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचतो.